अख्तर-उल-ईमान : ‘कानून’ला शब्द देणारा शायर

आमच्या घरी टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा आणि शेजारपाजारची निम्मी गल्ली आमच्या चटईवर येऊन बसायची. घरातल्या बायकांचा एक हिशेब ठरलेला असे. गाणे लागले की उठायचे, चुलीवरचे बघायचे, दोन रोट्या लाटून परत यायचे. एका रविवारी ‘कानून’ लागला. आमच्या खाला कणिक मळून तयार ठेवून बसल्या होत्या. गाणे लागेल मग उठू, असे म्हणत म्हणत सिनेमा संपला, पण गाणे काही लागले नाही. त्या रात्री सगळ्यांनी जेवायला उशिरा बसावे लागले, आणि जेवताना विषय एकच होता : त्या चोराचे काय चुकले होते?

१९६० चा हा सिनेमा, काळा-पांढरा. दिग्दर्शक बी. आर. चोप्रा. अशोक कुमार, राजेंद्र कुमार, नंदा ही नावे पोस्टरवर होती आणि लोकांच्या लक्षात राहिली तीही तीच. संवाद कुणाचे होते, हे त्या रात्री आमच्या घरात कुणी विचारले नाही. आम्हालाही ते फार उशिरा कळले. ते होते अख्तर-उल-ईमान, उर्दूतले विसाव्या शतकातले एक मोठे नज्मकार. मुंबईतल्या वांद्र्यात राहणारा हा माणूस अर्धे आयुष्य सिनेमाच्या पगारावर जगला, पण सिनेमाला त्याने आपली शायरी कधी विकली नाही. आज त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

अख्तर-उल-ईमान यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९१५ चा, उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात नजीबाबादजवळच्या किला या वस्तीतला. वालिद मौलवी फतेह मोहम्मद मशिदीत इमामत करायचे, मुलांना शिकवायचे. इमामाच्या घरात तेव्हा काय मिळत असेल, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको. घरात गरिबी होती आणि एका जागी बूड टेकत नव्हते. या गावातून त्या गावात, जिथे इमामत मिळेल तिथे संसार हलायचा. मुलाचे शिक्षण कुरआन पाठ करण्यापासून सुरू झाले, पण घर हलले की शिकणेही तुटायचे.

पुढे नात्यातल्या माणसांमार्फत हा मुलगा दिल्लीत आला आणि पोहोचला तो थेट मुअय्यदुल इस्लाम या यतीमखान्यात. इथे जरा थांबायला हवे. वडील हयात होते. तरी मुलगा यतीमखान्यात वाढला. ज्याचे आईबाप खरेच नाहीत, त्याला निदान आपण इथे का आहोत हे माहीत असते. ज्याचे आहेत, तो मुलगा रात्री काय विचार करत असेल? अख्तर साहेबांनी पुढे आयुष्यभर जे लिहिले त्यात हा एकटा पोरगा पुन्हा पुन्हा येतो. त्यांची सर्वांत गाजलेली नज्म ‘एक लडका’ हीच मुळी एका पोराची आहे. शेताबांधावरून, आमराईतून भटकणारा तो पोरगा मोठ्या झालेल्या माणसाचा पिच्छा सोडत नाही आणि त्याला एकच सवाल करत राहतो, की तूच तो का? दुनियेशी तडजोडी करून बसलेला मोठा माणूस त्याला टाळू पाहतो. उर्दू शिकणाऱ्या मुलांनी ही नज्म जरूर वाचावी. भाषा कठीण नाही, पचवायला मात्र जड आहे.

यतीमखान्यात एक गोष्ट चांगली झाली. तिथल्या एका शिक्षकाने या मुलातला लिहिणारा ओळखला आणि त्याला भाषण करायला, लिहायला उभे केले. पुढे फतेहपुरीच्या शाळेत फी माफ झाली. शिकवण्या घेऊन पोट भरायचे आणि शिकायचे, असे दिवस निघाले. मग अँग्लो-अरबिक कॉलेज, म्हणजे आजचे झाकिर हुसेन कॉलेज. तिथून बी.ए. त्यानंतरची काही वर्षे नोकऱ्या धरण्यात आणि सोडण्यात गेली. मेरठला सागर निजामींच्या ‘एशिया’ मासिकात काम केले, दिल्लीत सरकारी खात्यात बसले, ऑल इंडिया रेडिओतही होते. अलीगढला एम.ए. करायला गेले, पैशांअभावी ते अर्धवट राहिले. पहिला संग्रह ‘गिर्दाब’ १९४३ मध्ये आला आणि जाणकारांनी मान वर करून बघितले, हे कोण? ‘मस्जिद’ ही नज्म याच सुरुवातीच्या काळातली. नदीकाठची एक ओसाड मशीद, नमाजी नाहीत, दिवा लावणारा नाही, आणि पाणी काठ खात चाललेय. इमामाच्या मुलाने लिहिलेली ती नज्म आहे, हे ध्यानात ठेवून वाचली तर वेगळीच लागते.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध पुण्यापासून सुरू होतो. १९४० च्या दशकात डब्ल्यू. झेड. अहमद यांचा शालिमार स्टुडिओ पुण्यात जोरात होता. अहमद यांना लिहिणारी माणसे गोळा करायची हौस होती. जोश मलीहाबादी, कृष्ण चंदर, सागर निजामी असे एकेक दिग्गज पगारावर तिथे होते. एका काळी उर्दूतले इतके मोठे लेखक एकाच वेळी पुण्यात राहत होते, हे आज पुण्यातल्या आपल्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. अख्तर साहेबही तिथे आले आणि सिनेमासाठी लिहायला शिकले. १९४७ मध्ये सुलताना मन्सुरी यांच्याशी त्यांचा निकाह झाला. त्याच वर्षी देश तुटला, अहमद पाकिस्तानात गेले, शालिमारचा डोलारा कोसळला. अनेक जण इकडचे तिकडे झाले. अख्तर साहेब मुंबईला आले आणि इथेच राहिले.

मुंबईतल्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट आम्हाला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते. उर्दूतले बंडखोर शायर मीराजी तेव्हा हलाखीत होते. दारूने शरीर पोखरलेले, राहणी अशी की लोक जवळ बसायला कचरत. अख्तर साहेबांचे स्वतःचे कुठे काही स्थिर होते? तरी पुण्यात आणि मग मुंबईत त्यांनी मीराजींना आपल्या घरात ठेवून घेतले. दोघांनी मिळून ‘खयाल’ नावाचे मासिकही चालवले. नोव्हेंबर १९४९ मध्ये मीराजी मुंबईच्या इस्पितळात वारले तेव्हा जनाज्याला मोजकीच माणसे होती. त्यांत अख्तर साहेब होते. आपल्या घरात एक पाहुणा आठवडाभर जास्त राहिला तर आपली तोंडे कशी होतात, ते आपण जाणतो. इथे नवे लग्न झालेले, कमाई बेभरवशाची, आणि घरात असा माणूस. सुलताना बेगमांनाही याचे श्रेय द्यायला हवे.

आता सिनेमाकडे येऊ. मुंबईत उर्दू शायराला पोट भरायचे तर एक सरळ रस्ता होता : गाणी लिहायची. साहिर, मजरूह, शकील, कैफी सगळे त्या रस्त्याने गेले आणि घराघरात पोहोचले. त्यात कमीपणा काहीच नव्हता, उलट हिंदी सिनेमाचे नशीब उघडले. पण अख्तर साहेबांनी तो रस्ता धरला नाही. सुरावटीत बसवून, सांगितलेल्या प्रसंगावर नज्म पाडायची हे त्यांना जमणारे नव्हते, किंवा जमवून घ्यायचे नव्हते. त्यांनी नोकरी म्हणून संवाद लिहिले आणि शायरी आपल्यापाशी ठेवली. ते गझलेच्याही वाटेला फारसे गेले नाहीत. त्यांची नज्म खडबडीत आहे, बोलल्यासारखी आहे, मुशायऱ्यात टाळ्या घेणारी नाही. याची किंमत त्यांनी मोजली. ‘धर्मपुत्र’, ‘गुमराह’, ‘वक्त’, ‘हमराज’ या चारही सिनेमांचे संवाद त्यांचे आणि गाणी साहिरची. लोक आजही साहिरला गुणगुणतात. संवाद लिहिणारा कोण, हे विचारायला कुणाला सवड आहे?

म्हणूनच ‘कानून’ त्यांच्या कामात वेगळा उठून दिसतो. तिथे गाणेच नव्हते. हिंदीत हा काही पहिला प्रयोग नव्हता, ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५४ च्या ‘मुन्ना’मध्ये तो करून पाहिला होता. पण अडीच-एक तास प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवायचे, गाणे नाही, रंग नाही, बहुतेक वेळ कोर्ट किंवा बंद खोली. पार्श्वसंगीत सलील चौधरींचे. बाकी सगळा भार शब्दांवर. गाणी लिहायला नकार देणाऱ्या शायराला जणू त्याच्या मापाचे काम मिळाले.

कथा सी. जे. पवरी यांची. ती सगळी सांगून ज्यांनी पाहिला नाही त्यांचा मजा घालवत नाही, पण थोडी सांगावी लागेल. सुरुवातीलाच कोर्टात एक आरोपी उभा आहे, जीवनने तो रंगवलाय. ज्या माणसाच्या खुनासाठी त्याने कैक वर्षे तुरुंगात काढली, तो माणूस मुळात मेलाच नव्हता. सुटून आल्यावर याने त्याला खरोखर मारले. आता तो न्यायाधीशाला विचारतो की या खुनाची शिक्षा मी आधीच भोगली आहे, मग आता कशाची देणार? आणि द्यायचीच असेल तर आधी माझी ती वर्षे परत द्या. जीवनला आपण नारदमुनी किंवा खलनायक म्हणूनच ओळखतो. या एका प्रसंगात त्याने जे केलेय ते बघून अंगावर काटा येतो.

वकील मंडळी इथे हरकत घेतील, आणि ती बरोबर आहे. आपल्या घटनेच्या कलम २० मध्ये एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होणार नाही असे म्हटले आहे. पण वर्षांनंतर केलेला खून हा वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे हा युक्तिवाद खऱ्या कोर्टात टिकणे कठीण. पण अख्तर साहेबांनी तो आरोपीच्या तोंडी असा घातलाय की कायद्याचे उत्तर असले तरी गेलेल्या वर्षांचे उत्तर कुणापाशीच नसते, हे बघणाऱ्याच्या लक्षात येते.

पुढे मुख्य खटला. धनीराम नावाचा सावकार आपल्या घरात मारला जातो. त्याच रात्री कालिया नावाचा भुरटा चोर तिथे शिरलेला असतो, तो सापडतो. चोर आहे, गरीब आहे, जागेवर सापडला आहे, मग खुनीही तोच. पोलिसांना, शेजाऱ्यांना, कुणालाच शंका नाही. पण सरकारी वकील कैलास, म्हणजे राजेंद्र कुमार, याने खून होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि खून करणारा कालिया नव्हता. त्याने जो चेहरा पाहिला तो होता न्यायाधीश बद्रीप्रसादचा, म्हणजे ज्याच्या मुलीशी त्याचे लग्न ठरलेय त्याचा. आणि खटला त्याच न्यायाधीशासमोर चालतो. कैलास सरकारी वकिली सोडतो आणि चोराच्या बाजूने उभा राहतो. पुढे काय होते ते सिनेमातच बघा. एवढेच सांगतो, की डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीवरही माणसाने किती विसंबावे, हा सवाल सिनेमा शेवटी उभा करतो, आणि तो अशा साक्षीदारावर उलटवतो ज्याच्या प्रामाणिकपणावर आपल्याला तीळभरही शंका नसते.

कालिया झालेत नाना पळशीकर, आपले मराठी नट. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले, बी. आर. चोप्रांनाही दिग्दर्शनासाठी मिळाले. पळशीकरांचा कालिया आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याचे खांदे बघा. ज्याला आयुष्यभर कुणी विश्वासाने दारात उभे केले नाही, त्याचे खांदे तसे पडलेले असतात. आणि त्याच्या तोंडचे शब्द! कठीण उर्दू नाही, टाळ्याखाऊ वाक्ये नाहीत. ‘वक्त’मध्ये राजकुमारच्या तोंडी याच लेखकाने असे संवाद दिले की ते पानटपरीवर म्हटले जायचे. म्हणजे तेही त्यांना येत होते. पण कालियाला त्यांनी तसे बोलू दिले नाही. तो चाचरतो, अर्ध्यावर थांबतो. आम्हाला राहून राहून वाटते, की दुसऱ्यांच्या दयेवर वाढलेल्या पोरालाच हे लिहिता येते, कारण साहेबासमोर उभे राहिल्यावर गरिबाच्या तोंडून पूर्ण वाक्य निघत नाही हे त्याने बघितलेले असते. हा आमचा अंदाज. अख्तर साहेबांवर तो लादत नाही.

सिनेमात उणिवाही आहेत. राजेंद्र कुमार कोर्टात कधी कधी फार ओरडतो. मेहमूदची गंमत मधेच घुसते. आणि शेवटची गाठ सोडवताना कथा एक सोपी पळवाट धरते, ती आम्हाला आजही पटत नाही. पण तोवर जे सांगायचे ते सांगून झालेले असते.

त्या काळाचेही थोडे. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटींचा खटला गाजला. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, १९६० मध्ये हायकोर्टाने दोषी ठरवून जन्मठेप दिली. चहाच्या हॉटेलात लोक साक्षीपुराव्यावर वाद घालत होते. फाशीचा कायदाही तेव्हा नुकताच सैल होत होता. जुन्या संहितेत खुनाच्या खटल्यात फाशी न देता कमी शिक्षा दिली तर न्यायाधीशाला त्याचे कारण लिहावे लागे, म्हणजे फाशी हाच नियम. ही अट १९५५ मध्ये गेली. १९७३ च्या संहितेने गोष्ट उलटी केली : फाशी द्यायची तर विशेष कारणे लिहा. आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने बच्चन सिंग खटल्यात दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच फाशी असे सांगितले. ‘कानून’ने फाशीविरुद्ध पडद्यावर उघड बोलायची हिंमत केली ती यांतल्या दोन मोठ्या पायऱ्यांच्या आधी. शंका असेल तिथे सजा टाळावी, हे आपल्या फिकहमध्येही जुनेच तत्त्व आहे. आमचे आजोबा ते न्यायाच्या गोष्टी सांगताना सांगायचे. ज्या घरांनी कोर्टाच्या तारखांमागे तारखा बघितल्यात, सुटका झाली पण तारुण्य गेले असे मुलगे बघितलेत, त्या घरांत जीवनचा तो पहिला प्रसंग बसून बघणे सोपे नाही.

‘कानून’नंतर अख्तर साहेबांचे नाव चोप्रांच्या सिनेमांशी जोडलेच गेले. १९६१ चा ‘धर्मपुत्र’ फाळणीवरचा. मुसलमान आईबापांचा मुलगा हिंदू घरात वाढतो आणि मोठा होऊन मुसलमानांचाच द्वेष करू लागतो, स्वतःचे मूळ माहीत नसताना. त्याच्या संवादांसाठी अख्तर साहेबांना फिल्मफेअर मिळाले, मग ‘वक्त’साठी पुन्हा. ‘वक्त’चा शेवटही कोर्टात होतो, ‘धुंद’मध्येही खटला आहे. १९६९ मध्ये यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ काढला, पुन्हा बिनगाण्याचा, आणि संवाद पुन्हा यांचेच. चोप्रा बंधूंना गाणे नसलेला सिनेमा करायचा झाला की हा शायर आठवायचा, ही गंमतच म्हणायची.

इकडे नज्म चालूच होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पात्रांना बोलते करायचे आणि उरलेल्या वेळात आपले लिहायचे. ‘तारीक सय्यारा’, ‘आबजू’, मग ‘यादें’. या ‘यादें’ला १९६२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे एकीकडे त्यांच्या संवादांवर थिएटरात शिट्ट्या पडत होत्या आणि दुसरीकडे देशातला मोठा साहित्य पुरस्कार घरात येत होता, पण शिट्टी मारणाऱ्याला पुरस्काराचा पत्ता नव्हता आणि पुरस्कार देणारे बहुधा सिनेमाकडे काणाडोळा करत होते. ‘बिन्त-ए-लम्हात’, ‘नया आहंग’, ‘सर-ओ-सामान’ असे संग्रह पुढे येत गेले. आत्मचरित्राचे नाव ‘इस आबाद खराबे में’. वसलेले उजाडपण, असा काहीसा अर्थ. बिजनौरची ती फिरती इमामत, यतीमखाना, पुणे, मुंबई सगळे त्यात आहे. मराठीत त्याचा अनुवाद व्हायला हवा; आपल्यातल्या उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावे.

‘शोले’चे गब्बर, अमजद खान, हे त्यांचे जावई. १९९२ मध्ये जावई गेले, सासरे मागे राहिले. ९ मार्च १९९६ रोजी मुंबईत अख्तर साहेबांचे निधन झाले. वय ८० होते.

मागच्या रमजान ईदला घरात सगळी पोरे जमली होती. आम्ही ‘कानून’ लावला. काळा-पांढरा बघून आधी तोंडे वाकडी झाली, मोबाइल निघाले. जीवन पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा एक मोबाइल खाली गेला, थोड्या वेळाने दुसरा. संपल्यावर भाचा आणि पुतणी यांचे जोरात भांडण जुंपले, की कैलासने आधीच तोंड उघडायला हवे होते की नव्हते. खाला आता पंच्याऐंशीच्या आहेत. कोपऱ्यात पलंगावर पडून ऐकत होत्या. त्यांनी मधेच विचारले, हे लिहिले कुणी होते रे? पुतणीने सिनेमा मागे नेला, नावे येतात तिथे थांबवला आणि पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचून दाखवले.